तांबरमचे आरोग्यधाम

मद्रासहून आगगाडीने दक्षिणेकडे निघाले म्हणजे तांबरमच्या अलीकडे 'तांबरम सॅनेटोरियम' नावाचे स्थानक लागते. रुग्णालयावरून नाव पडलेली स्थानके आपल्याकडे विरळाच.

1928 साली डॉ. डेव्हिड चौरी मुथू यांनी येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. इंग्लंडात मेंडिप टेकड्यांवर त्यांनी असेच धाम चालविले होते. मोकळी हवा, सकस अन्न आणि विश्रांती एवढाच उपचार. कारण क्षयावर औषध असे नव्हतेच. 1937 साली हे धाम मद्रास सरकारने घेतले, आणि एका व्यक्तीने आरंभिलेले कार्य राज्याचे कर्तव्य झाले.

परंतु लाखो रोग्यांसाठी सरकार खाटा तरी किती घालणार? या प्रश्नाचे उत्तर मद्रासनेच दिले. 1956 साली येथे स्थापन झालेल्या संशोधनकेंद्राने काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच गोळ्या दिल्या. 1959 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे होतात, आणि त्यांच्या कुटुंबीयांस त्यामुळे विशेष अधिक लागण होत नाही. 1962 चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच पायावर उभा राहिला. मंत्र्यांच्या भाषणांपेक्षा या गोळ्यांनी लोककल्याणाची दिशा अधिक बदलली, असे मला वाटते.

यानंतर तांबरमची कथा संपावयास हवी होती. तसे झाले नाही. 1986 साली मद्रास मेडिकल कॉलेजातील डॉ. सुनीती सॉलोमन (या माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील) आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांच्या तपासणीत भारतातील पहिले एचआयव्ही-बाधित आढळले. पुढील दशकात अन्यत्र नाकारले गेलेले हे रोगी तांबरमच्या खाटांवर आले. जुनेच दु:ख पुन्हा आले. फरक इतकाच, की आता औषध होते, पण ते गरिबाच्या आवाक्यात नव्हते. 2001 साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केले. केंद्र सरकारचे मोफत औषधवाटप मात्र 1 एप्रिल 2004 रोजी सुरू झाले, तेही प्रथम आठ केंद्रांत. तांबरम त्यांपैकी एक. मधल्या तीन वर्षांत ज्यांनी वाट पाहिली, त्यांतील किती जण त्या दिवसापर्यंत जगले असतील?

बाधितांना उपचार नाकारण्यास मनाई करणारा कायदा संसदेने 2017 साली केला. डॉ. सुनीती त्यापूर्वी दोन वर्षे निवर्तल्या होत्या.