किरणोत्सर्गी अपशिष्ट व्यवस्था : लासलगाव

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, कांद्याच्या बाजारपेठेसाठी विख्यात असलेल्या लासलगाव येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले व २००२ साली कार्यान्वित झालेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याला मोड येणे रोखते आणि आंब्यातील कीड निष्प्रभ करते. या क्रियेने शेतमाल स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, हे लोकांत पसरलेल्या भीतीमुळे येथे आग्रहाने नोंदविणे अवश्य आहे. अपशिष्टाचा प्रश्न उद्भवतो तो किरणांच्या मूळ स्रोतापाशी, म्हणजे कोबाल्ट-६० च्या कांड्यांपाशी. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षे असल्याने त्याची तीव्रता अव्याहत घटत जाते, आणि क्षीण झालेल्या कांड्यांची विल्हेवाट, अणुऊर्जा कायद्याखालील १९८७ च्या नियमांबरहुकूम, जाड संरक्षक कवचात बंदिस्त करून अधिकृत संस्थेच्या हवाली करूनच लावावी लागते. अन्य अणुकेंद्रांतील हातमोजे, कापड यांसारख्या अल्पतीव्र घन अपशिष्टाचे आकारमान जाळून वा दाबून घटवितात व अवशेष तुर्भे, तारापूर येथील भूपृष्ठालगतच्या काँक्रीटच्या चरांत ठेवतात. तुर्भे येथे तर वापरलेल्या अणुइंधनाच्या पुनःप्रक्रियेनंतर उरलेल्या उच्चतीव्र द्रवातून सीझियम-१३७ वेगळे काढून, ते काचेत बद्ध करून, रक्त विकिरणाच्या यंत्रांसाठी पुरविले जाते. अपशिष्टाच्या पुनरुपयोगाचे हे कार्य निःसंशय अभिमानास्पद होय.