पदच्युत राजाची कैफियत

अकराव्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील कॉर्डोबाच्या खिलाफतीची शकले झाली आणि तिच्या जागी अनेक लहान मुस्लिम राज्ये उदयास आली. ग्रानाडाचे राज्य त्यांपैकीच एक. इ. स. १०१३ च्या सुमारास ते स्थापन करणारा झावी इब्न झीरी हा उत्तर आफ्रिकेतील सन्हाजा या बर्बर जमातीचा सरदार. खिलाफतीच्या लष्करी सेवेसाठी तो समुद्र ओलांडून आला होता. सपाटीवरील एल्व्हिरा हे जुने नगर संरक्षणास गैरसोयीचे होते. म्हणून टेकडीवरील ग्रानाडा ही राजधानी झाली.

मूठभर परक्या लढवय्यांना अरब, स्थानिक मुस्लिम, ख्रिस्ती व ज्यू अशा संमिश्र प्रजेवर राज्य करावयाचे होते. हब्बूस व त्याचा पुत्र बादीस यांनी कारभार सोपविला तो शमुवेल इब्न नग्रेला या ज्यू पंडिताकडे. हिब्रू भाषेतील हा श्रेष्ठ कवी राज्यपदाची आकांक्षा धरू शकणार नाही, हेही त्या विश्वासाचे एक कारण होते. सोयीवर उभे राहिलेले हे औदार्य फार टिकले नाही. शमुवेलनंतर वजीर झालेला त्याचा पुत्र योसेफ ३० डिसेंबर १०६६ रोजी जमावाच्या हातून मारला गेला आणि नगरातील ज्यूंची भीषण कत्तल झाली.

१०७३ मध्ये बादीसचा अल्पवयीन नातू अब्दुल्ला गादीवर आला. उत्तरेचा ख्रिस्ती राजा सहावा आल्फोन्सो खंडणी मागे. १०८५ मध्ये त्याने टोलेडो घेतले. तेव्हा या राजांनी मोरोक्कोतील अल्मोराव्हिदांचा अधिपती युसूफ इब्न ताशफीन यास साहाय्यार्थ पाचारण केले. १०८६ मध्ये झल्लाकाच्या रणांगणी विजय मिळाला. परंतु आपसांतील कलह मिटले नाहीत. अखेर १०९० मध्ये त्याच युसूफने, तोही सन्हाजा कुळातलाच, ग्रानाडा घेऊन अब्दुल्लाला मोरोक्कोतील अघमात येथे बंदिवासात धाडले.

तेथे या पदच्युत राजाने आपल्या घराण्याची हकिकत अरबीत लिहिली. तीत आत्मसमर्थन आहे, पण सत्तेच्या व्यवहारामागील भय व संशय इतक्या जवळून सांगणारे कथन दुर्मीळच. विसाव्या शतकात फेझच्या कारावियीन मशिदीच्या ग्रंथालयात फ्रेंच विद्वान लेवी-प्रोव्हांसाल यांच्या हाती तिची हस्तलिखित पाने आली आणि १९५५ मध्ये कैरो येथे ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

झीरींचे राज्य ऐंशी वर्षेही टिकले नाही. जेत्यांनी गादी घेतली, पण पराभूताचा शब्द एका ग्रंथालयाने शतकानुशतके जपला. म्हणूनच इतिहासाला दुसरी बाजू ऐकावयास मिळाली.