राजगृहातल्या त्या फोटोत कोण नाही?

दरवर्षी २७ मे जवळ आला की राजगृहातला एक फोटो आपल्या मोबाईलवर फिरू लागतो. फेब्रुवारी १९३४ चा. डावीकडून यशवंत, बाबासाहेब, रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि सोबत टॉबी कुत्रा. खाली कुणी 'सुखी कुटुंब' लिहितं, कुणी 'त्यागमूर्ती'. मित्रहो, या दोन शब्दांमुळे फोटो नीट बघायचाच राहून जातो, असं आमचं म्हणणं आहे.

आधी नावांचं बघू. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' चे आठ खंड काढले. त्यातल्या बहुतेक फोटोंखाली माणसाचं नाव नाही, जातीचं किंवा जमातीचं आहे. माणूस म्हणजे जातीचा नमुना! साठेक वर्षांनी राजगृहात मात्र प्रत्येकाला स्वतःचं नाव आहे. कुत्र्यालासुद्धा.

आता न दिसणाऱ्यांकडे वळू. यशवंतचा जन्म १९१२ चा, म्हणजे फोटोत तो एकवीस वर्षांचा तरुण आहे. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही त्याची चार भावंडं इथे नाहीत. चौघंही लहानपणीच गेली. राजरत्न गेला जुलै १९२६ मध्ये. तेव्हा राजगृह बांधलेलंही नव्हतं, संसार परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत होता. त्यानंतर आठ महिन्यांनी महाडचा सत्याग्रह झाला.

याला आपण 'त्याग' म्हणतो. पण त्याग माणूस निवडून करतो. चार लेकरं गमावणं कोणती आई निवडते? तो शब्द वापरला की गरिबी, चाळीतली दाटी, औषधपाण्याचे वांधे सगळं झाकलं जातं. घरात बॅरिस्टर होता ना, असं काहीजण विचारतात. होता, पण अस्पृश्य बॅरिस्टरकडे अशील सहजासहजी येत नव्हतं.

आणखी एक बालपण या फोटोत नाही, खुद्द रमाईंचं. आईवडील लवकर गेले. १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजारात लग्न लागलं तेव्हा त्या स्वतःच लहान मुलगी होत्या. फोटोतल्या रमाईंचं वय अजून चाळीसही नाही. पुढे पंधरा महिन्यांनी, २७ मे १९३५ रोजी, याच घरात त्या गेल्या.