निब, विल्यम

(७ सप्टेंबर १८०३–१५ नोव्हेंबर १८४५). जमेकातील गुलामगिरीविरुद्ध झुंजलेला ब्रिटिश बाप्टिस्ट धर्मोपदेशक. जन्म इंग्लंडमधील केटरिंग येथे. बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी १७९२ मध्ये याच गावी स्थापन झाली. मराठी व्याकरणाचा (१८०५) कर्ता विल्यम कॅरी हा तिच्या संस्थापकांपैकी एक. जमेकात मिशनचा शिक्षक असलेला भाऊ टॉमस वारला, तेव्हा त्याची जागा घेण्यासाठी निब १८२४ मध्ये तिकडे निघाला. किंग्स्टनला शाळा चालवून पुढे १८३० मध्ये तो फॉलमथच्या चर्चचा पाळक झाला.

मिशनऱ्यांनी राजकारणात पडू नये, अशी सोसायटीची ताकीद होती. ती पाळणे निबला जमले नाही. सॅम स्विनी या गुलामाला केवळ प्रार्थना केल्याबद्दल चाबकाचे फटके आणि सक्तमजुरी झाली. तेव्हा निब भर रस्त्यातून त्याच्या सोबतीने चालला आणि हे प्रकरण त्याने छापून आणले.

डिसेंबर १८३१ मध्ये सॅम्युएल शार्प या बाप्टिस्ट डीकनने, स्वतः गुलाम असताना, नाताळानंतर मजुरीशिवाय काम न करण्याचा संप उभारला. त्याचे बंडात रूपांतर झाले. बंडानंतर ३०० हून अधिक गुलामांना देहदंड झाला. मे १८३२ मध्ये शार्पही फाशी गेला. निबने लोकांना कामावर जाण्यास सांगितले होते, तरी चिथावणीच्या आरोपावरून त्यालाच अटक झाली. पुरावा नसल्याने तो सुटला, पण त्याचे चर्च गोऱ्यांनी पाडून टाकले.

त्यानंतर त्याने संयम सोडला. १८३२ मध्ये इंग्लंडला जाऊन त्याने गावोगावी सभा गाजवल्या, संसदेच्या समित्यांपुढे साक्ष दिली. १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला. मळेवाल्यांना २ कोटी पौंड भरपाई मिळाली. गुलामांना काहीच नाही, उलट उमेदवारीच्या नावाखाली आणखी काही वर्षे सक्तीचे श्रम. हा अन्याय निबने उघड मांडला. ३१ जुलै १८३८ च्या मध्यरात्री उमेदवारी संपली, तेव्हा फॉलमथमध्ये साखळदंड आणि चाबूक शवपेटीत घालून पुरण्यात आले. पुढे त्याने मुक्त मजुरांसाठी जमिनी घेऊन वसाहती उभारल्या, शाळा काढल्या. स्वातंत्र्याला जमिनीचा आधार हवा, ही त्याची जाण भाषणांहूनही मोलाची होती.

गुलामगिरीच्या अंताचे श्रेय एकट्या निबला देणे बरोबर नाही. त्याला बोलते केले ते गुलामांच्या बंडाने. पीतज्वराने तो जमेकातच वारला. जमेकाने शार्पला १९७५ मध्ये राष्ट्रवीर घोषित केले आणि १९८८ मध्ये निबला मरणोत्तर ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ दिली.