‘क्रांती’ या शब्दाचे तीन फेरे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्राचीन भारताच्या इतिहासाची मांडणी करताना ‘क्रांती’ आणि ‘प्रतिक्रांती’ ही दोन पदे योजिली. बुद्धाचा धम्म ही क्रांती, आणि पुष्यमित्र शुंगापासून, म्हणजे इ.स.पू. १८५ च्या सुमारापासून, सुरू झालेले ब्राह्मणी पुनरुत्थान ही प्रतिक्रांती, असा त्यांचा सिद्धान्त आहे. हे अपूर्ण राहिलेले लेखन महाराष्ट्र शासनाने १९८७ साली त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात प्रसिद्ध केले. तेव्हापासून ही पदे आपल्या व्याख्यानांतून सर्रास ऐकू येतात. परंतु मूळ इंग्रजी ‘रिव्होल्यूशन’ या शब्दाचे अर्थ अनेक आहेत, आणि त्यांपैकी कोणता स्वीकारावा यावर इतिहासाचा निवाडा अवलंबून असतो. म्हणून त्या अर्थांचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

हा शब्द लॅटिन भाषेतून आला. मागे फिरणे, फिरून मूळ जागी येणे, हा त्याचा धात्वर्थ होय. कोपर्निकसच्या १५४३ सालच्या ग्रंथाच्या नावात तो आहे. तेथे त्याचा अर्थ आकाशस्थ गोलांचे भ्रमण एवढाच. आपल्या शालेय भूगोलात यालाच आपण ‘परिभ्रमण’ म्हणतो. यंत्राच्या चाकाचा फेरा तोही इंग्रजीत रिव्होल्यूशनच. मराठीने या अर्थांसाठी वेगवेगळे शब्द ठेवले, आणि राजकीय अर्थासाठी ‘क्रांती’ हा शब्द घेतला. तोही ज्योतिषाशी परिचित आहे. खगोलीय विषुववृत्तापासूनचे सूर्याचे अंतर ती क्रांती, आणि त्याचा वार्षिक मार्ग ते क्रांतिवृत्त. मात्र त्याचा धातू ‘क्रम्’, म्हणजे पाऊल टाकणे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी परतणे आहे, तर आपल्या शब्दाच्या मुळाशी पाऊल उचलणे आहे.

राजकारणात या शब्दाचा अर्थ सावकाश बदलला. १६८८ साली इंग्लंडमध्ये जी राज्यक्रांती झाली, तिच्या पुरस्कर्त्यांना आपण जुने हक्क पुन्हा स्थापित करीत आहोत असे वाटत होते. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मात्र ‘पूर्वी नव्हते असे काही नवे घडविणे’ हा अर्थ रूढ झाला.

या दोन अर्थांमधील अंतर समजण्यासाठी हरसूलचे उदाहरण घ्यावे. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस डोंगराळ, आदिवासी मुलखातील हे बाजाराचे गाव तेव्हा पेठ संस्थानात होते. १८५७ च्या डिसेंबरात भिल्ल व ठाकूर लोकांनी त्र्यंबकच्या खजिन्यावर हल्ला केला. त्याच सुमारास हरसूलचा बाजार लुटला गेला. पेठच्या राजघराण्यातील भगवंतराव यांना या प्रकरणी फाशी देण्यात आली. आपणांपर्यंत आलेला हा वृत्तान्त मुख्यत्वे शासनाच्या दप्तरातला आहे. राज्यकर्त्यांनी त्यास बंड म्हटले, कोणी उठाव म्हटले. याच जिल्ह्यातील भगूरच्या वि. दा. सावरकरांनी १८५७ च्या एकूण घटनेस स्वातंत्र्यसमर म्हटले. आमच्या मते, जुनी गादी पुन्हा बसविणे एवढाच जर या उठावाचा हेतू मानला, तर ती शब्दाच्या सर्वांत जुन्या अर्थाने रिव्होल्यूशन ठरते. परंतु डोंगरातील कष्टकऱ्याने हत्यार का उचलले, त्याची भूक आणि त्याची जमीन यांचे काय झाले, हा प्रश्न गादीच्या प्रश्नात विरघळून जाता कामा नये.

पालि वाङ्मय या ठिकाणी साहाय्यास येते. सारनाथ येथील पहिल्या उपदेशास ‘धम्मचक्कप्पवत्तन’ म्हणतात. चक्र फिरविणे हा अर्थ लॅटिन शब्दास फार जवळचा आहे. परंतु गाडीचे चाक स्वतःभोवती फिरते तेव्हा गाडी पुढे जाते. त्याच सुत्तात चार आर्यसत्यांच्या ज्ञानास ‘तिपरिवट्ट’, म्हणजे तीन फेऱ्यांचे, असे विशेषण आहे. हे सत्य आहे असे कळणे, हा पहिला फेरा. त्याविषयी अमुक कर्तव्य आहे असे कळणे, हा दुसरा. आणि ते कर्तव्य पार पडले असे कळणे, हा तिसरा. पहिल्या फेऱ्यावर थांबलेल्यास ज्ञान पूर्ण झाले असे म्हणता येत नाही.

क्रांतीलाही हीच कसोटी लावावी, असे आम्हांस वाटते. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काही वर्षे लोकांनी मार खाल्ला, तुरुंगवास सोसला. दुःख सांगून झाले, दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली. कर्तव्य निश्चित झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास ते पार पडले. या क्रमात शस्त्र नाही, गादी नाही आणि मागे परतणेही नाही. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून घेतली नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवर सांगितले होते. त्याचा अर्थ या क्रमात स्पष्ट होतो.

तथापि दीक्षेने सर्व कार्य संपले, असे मानणे योग्य नव्हे. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, हा विसंवाद बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दाखवून दिला होता. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला. तरीही मार्च २०१८ मध्ये नाशिक जिल्ह्यातील आदिवासी शेतकऱ्यांना कसत असलेली वनजमीन आपल्या नावे व्हावी म्हणून मुंबईपर्यंत पायी चालत जावे लागले. अन्याय मान्य झाला, कायद्याने कर्तव्यही ठरविले. तिसरा फेरा मात्र अपुरा राहिला. हरसूलच्या डोंगरातील माणसाच्या हाती त्याच्या जमिनीचा कागद पडतो की नाही, यावरूनच त्या प्रदेशातील क्रांतीची परीक्षा करावी लागेल. तोवर हा शब्द उच्चारताना आपण कोणत्या फेऱ्यात आहोत, हे प्रत्येक अभ्यासकाने स्वतःस विचारावे.