आरंभक्षम यूएसबी साधनाची पडताळणी
आरंभक्षम यूएसबी साधनाची पडताळणी : ज्या यूएसबी साधनावरून संगणक सुरू करावयाचा, त्यावरील प्रचालन प्रणालीची प्रत मुळाबरहुकूम आहे की नाही, हे ठरविण्याची प्रक्रिया. आधारसामग्रीतील आकस्मिक दोष ओळखण्यासाठी डब्ल्यू. वेस्ली पीटरसन यांनी १९६१ मध्ये चक्रीय संकेतांची पद्धत मांडली; परंतु हेतुपुरस्सर केलेला बदल तीमुळे उघडकीस येईलच असे नाही. रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये तयार केलेल्या एमडी-५ पद्धतीने कोणत्याही फाइलीवरून १२८ बिटांची संख्या (ठसा) मिळते. भिन्न आधारसामग्रीचा ठसा एकच येऊ शकतो, हे श्याओयुन वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रत्यक्ष दाखविले. पुढे २५६ बिटांचा ठसा देणारी एसएचए-२५६ पद्धत रूढ झाली.

२० फेब्रुवारी २०१६ रोजी घुसखोरांनी लिनक्स मिंट या प्रणालीच्या संकेतस्थळावरील दुवा दूषित प्रतीकडे वळविला. अशा प्रसंगी त्याच स्थळावरील ठसाही बदललेला असू शकतो. म्हणून ठशांच्या यादीवरील अंकीय स्वाक्षरी निर्मात्याच्या सार्वजनिक किल्लीने तपासतात. मात्र ती किल्ली स्वतंत्र मार्गाने खात्री करून घेतलेली असावी लागते. साधन सदोष असल्यास लेखनातही चुका होतात; त्यामुळे त्यावरील प्रत पुन्हा वाचून मूळ फाइलीशी ताडून पाहणे आवश्यक असते.