रविवारी देव, सोमवारी डुकरं

"ट्रक घ्यावा म्हणतोय," असं जावईबापू चहा पिता पिता म्हणाले, तेव्हा मला वाटलं यांची नोकरी गेली.

यात माझा दोष नाही. ज्याने पुण्यात हयात काढली त्याला ट्रक म्हटलं की कात्रजचा घाट, कांद्याची पोती आणि चाकाखाली दगड लावायला धावणारा क्लीनर एवढंच दिसतं. संगणकापुढे बसून पोट वाढवलेले आमचे जावईबापू त्या चित्रात कुठेच बसत नव्हते. मी हिच्याकडे पाहिलं. ही कन्येकडे पाहत होती. कन्या खिडकीबाहेर पाहत होती. म्हणजे या विषयावर घरात आधीच एक लढाई होऊन गेली होती तर!

मग उलगडा झाला. ओहायोत ट्रक म्हणजे पिकअप. पुढे मोटार, मागे उघडा हौदा. त्या देशात दातांचा डॉक्टरसुद्धा पिकअपमधून दवाखान्यात येतो. हौद्यात काय असतं? बहुधा काही नसतं. पण उद्या एखादा पियानो न्यायची वेळ आली तर हौदा असलेला बरा, हा विचार तिथल्या पुरुषांना फार धीर देतो.

शनिवारी आम्ही सगळे ट्रक बघायला गेलो. जावईबापूंनी मनात धरलेला ट्रक एवढा उंच की त्याचं बॉनेट माझ्या हनुवटीला लागत होतं. हप्ते बहात्तर. आत चढायला पायरी, पायरीच्या वर कडी. जावईबापू चढले, नातू माकडासारखा चढला, मी कडीला लोंबकळत कसाबसा चढलो. हिने एक पाय पायरीवर ठेवला, दोन्ही गुडघ्यांचा कौल घेतला आणि पाय खाली घेतला.

"तुम्ही या फेरी मारून. मी थांबते इथे."

हे वाक्य मी ओळखतो. आधी पर्वतीच्या पायथ्याशी ऐकलं, मग सिंहगडाच्या, आणि परवा भाचीच्या लग्नात, कार्यालय दुसऱ्या मजल्यावर निघालं तेव्हा. दर वेळी आम्ही फेरी मारून येतो आणि ही खाली थांबते. त्या दिवशी काचेतून ती पर्स पोटाशी धरून उभी दिसली, आणि त्या ट्रकचं आणि माझं कायमचं बिनसलं.

पण सासऱ्याने जावयाला 'घेऊ नका' कसं म्हणावं? मी सदतीस वर्षं लेखापरीक्षा खात्यात काढली. तिथला धडा एकच: थेट विरोध करू नये, जुनी फाइल काढावी. मी गावातल्या वाचनालयात जाऊन बसलो आणि पिकअपची फाइल काढली. पहिल्याच पानावर एक बाई भेटली.

ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँड भागातली ही शेतकऱ्याची बायको. १९३२ साली तिने फोर्डच्या तिथल्या कंपनीला पत्र लिहिलं, अशी हकीकत सांगतात. मागणी साधी होती. रविवारी चर्चला न भिजता जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी द्या. दोन गाड्या परवडत नाहीत. रविवारी देव, सोमवारी डुकरं! गिऱ्हाइकाने इतक्या कमी शब्दांत स्वतःची गरज सांगितल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

गिलाँगच्या कारखान्यातल्या लू बँट नावाच्या विशीतल्या पोराकडे हे काम आलं. त्याने मोटारीची काचबंद केबिन ठेवली आणि तिच्या बाजूचा पत्रा तसाच मागे नेऊन हौदा केला. १९३४ साली गाडी विक्रीला आली. ऑस्ट्रेलियन माणूस तिला लाडाने 'यूट' म्हणतो. बँटसाहेबाचा शेवटही त्याच गाडीत झाला. १९८७ साली, स्वतः दुरुस्त केलेली १९३४ची यूट चालवत चित्रीकरणाहून परतताना, तो अपघातात गेला.

आता थोडं तंत्रज्ञान. भिऊ नका, मलाही तेवढंच कळलंय. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर नुसती चासी घेऊन जाणारा ड्रायव्हर तुम्ही पाहिला असेल. ना छप्पर, ना दार, डोक्याला मफलर, डोळ्यांना गॉगल. ती चासी म्हणजे हाडं. बॉडी नंतर बांधतात, एस.टी.ची दापोडीला बांधतात तशी. मोठे पिकअप आजही असेच: खाली हाडं, वर कातडं. दुसरा प्रकार म्हणजे वनस्पती तुपाचा चौकोनी डबा. त्याला आत हाडं नाहीत, पण त्यावर उभं राहून माळ्यावरची भांडी काढता येतात. पत्र्याची घडण हेच त्याचं बळ. आपल्या साध्या मोटारी अशाच असतात. म्हणून त्या हलक्या, ठेंगण्या आणि पेट्रोलला कमी खादाड.

मग सगळे पिकअप डब्याचे का करत नाहीत? कारण डब्याचा वरचा पत्रा कापला की डबा लचकतो, आणि हौदा म्हणजे कापलेला डबाच. बँटच्या यूटलासुद्धा खाली चासी होतीच. फोर्डने १९६१ साली केबिन आणि हौदा जोडून एक केले, तेही चासीवर. माल भरला की दारं अडकतात अशा तक्रारी आल्या म्हणतात. १९६३ नंतर तो प्रकार आटोपला. पण त्याच फोर्डची १९६०ची फाल्कन रँचेरो खऱ्या अर्थाने डब्याची होती, लहानही होती आणि चाललीही. पुढे मात्र तिचं अंग सुटत गेलं आणि १९७९ साली ती थांबली. लहान गाडी चालली की तिला मोठी करायची, हा मोटारवाल्यांचा जुना रोग आहे.

मध्ये एक कोंबडीही आली. युरोपने अमेरिकन कोंबडीवर जकात बसवली, म्हणून अमेरिकेने १९६४ पासून परदेशी ट्रकवर २५ टक्के जकात लावली. ब्रँडी आणि बटाट्याच्या स्टार्चवरही लावली होती, ती पुढे उठली, ट्रकवरची राहिली. भांडण कोंबडीचं, मान कापली ट्रकची! जपानच्या सुबारूने यावर १९७० च्या दशकाच्या अखेरीस तोड काढली. आपल्या चिमुकल्या ब्रॅट पिकअपच्या हौद्यात, मागे तोंड करून, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठोकल्या. बसायला जागा आहे ना? मग हा ट्रक नव्हे, मोटार! या युक्तीला आमच्या खात्यात मी नक्की आक्षेप काढला असता, आणि घरी जाऊन टाळी वाजवली असती. रोनाल्ड रेगन यांच्या रँचवरही एक ब्रॅट होती.

एवढं टिपून घेतल्यावर मी जावईबापूंपुढे वही उघडली.

"गेल्या बारा महिन्यांत काय काय वाहून आणलंत?"

ते हसले, पण हिशेबी माणूस, सांगू लागले. बागेसाठी खतमातीची पोती. एक सोफा. मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर. तांदळाची पोती. विमानतळावरून आमच्या चार बॅगा. ३६५ पैकी अकरा दिवस. एकाही दिवशी मागे काही ओढलेलं नव्हतं.

"बोट घ्यायचा विचार आहे," ते म्हणाले.

"विचार ओढायला किती ताकद लागते?" मी विचारलं. कन्या पहिल्यांदाच हसली.

मग वहीत डब्याच्या तीन गाड्यांचा तक्ता मांडला. होंडाची रिजलाइन २००५ साली आली. कापलेला डबा लचकू नये म्हणून तिच्या केबिनमागे तिरक्या भिंती होत्या, त्या २०१६च्या नव्या रूपात गेल्या. तिघींत थोरली तीच: हौदा सव्वापाच फूट, ओढते सव्वादोन टन, मागची बैठक ऐसपैस. हौद्याच्या तळाखाली कुलुपाची पेटी आणि तिला पाणी सोडायचं बूच, म्हणून लोक त्यात बर्फ भरतात. पण पेट्रोल लिटरला नऊ किलोमीटर आणि किंमत ४० हजार डॉलरच्या आसपास. ह्युंदाईची सांताक्रूझ २०२१ची. दिसायला नटवी, हौदा चार फुटांच्या जरा पुढे, मागे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीशी. फोर्डची मॅव्हरिकही २०२१चीच. हौदा साडेचार फूट, वजन ६८० किलोपर्यंत. विजेची जोड असलेलं इंजिन लिटरला सोळाच्या घरात जातं. मात्र ओढायच्या बाबतीत बेतशीर. आली तेव्हा किंमत होती १९,९९५ डॉलर. लोकांनी इतकी झुंबड केली की जानेवारी २०२२ मध्ये नोंदणीच बंद करावी लागली. २०२५च्या मॉडेलपर्यंत ती २६ हजारांच्या पुढे गेली. तो जुना रोग, दुसरं काय!

"आणि कधी खरंच जड काही ओढायचं झालं तर?" जावईबापूंनी शेवटचा किल्ला लढवला.

मी प्रामाणिकपणे सांगितलं, "ज्याला रोज ओढायचं आहे त्याने चासीवालाच घ्यावा. त्याला हा डबा पुरणार नाही. तुम्हाला वर्षातून एकदा ओढायचं असेल तर त्या दिवसापुरता भाड्याने आणा."

एवढा वेळ मेथी निवडत बसलेली ही म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही. मखर मागे राहावं आणि मला मूर्ती घेऊन पुढे बसता यावं. कुणी हात न देता."

मी वही मिटली. नव्वद वर्षांपूर्वीचं पत्र त्या क्षणी ओहायोत पुन्हा लिहिलं गेलं होतं, आणि माझ्या तक्त्यात त्याचा रकानाच नव्हता. कोणाला खाली थांबावं लागतं, हे कुठल्याच तक्त्यात नसतं.

पुढच्या शनिवारी जावईबापूंनी मॅव्हरिकचं दार हिच्यासाठी उघडलं. ही खुर्चीवर बसावी तशी बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "चला, कशासाठी थांबलाय?" जावईबापू काही बोलले नाहीत. किल्ली द्या म्हणाले.

गणपतीला मूर्ती हिच्या मांडीवर आली, मखर हौद्यात ताडपत्रीखाली. दुसऱ्या दिवशी त्याच हौद्यात शेणखताची पोती आली. त्या गिप्सलँडच्या बाईला गोष्ट सांगणारे नुसतं शेतकऱ्याची बायको म्हणतात. बँटचं नाव राहिलं, फोर्डचं तर राहिलंच. ती रविवारी चर्चला कोरडी पोचली असेल, अशी आपण आशा करू.

मी? मी मागे बसलो होतो. गुडघे जरा अवघडले. पण तक्रार करायची कोणाकडे? आक्षेप काढणारा मीच.